आमेनमधली फट

१८ फेब्रुवारी, रविवार

चिऊ,

सलाम. 'प्रभूच्या नावाने सलाम' असं लिहिणार होते, पण मी रागात आहे, आणि आपल्या भांडणात त्याचं नाव कशाला ओढा. नुसता सलाम घे.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुला वाटेल ताई नरमली. आमचे नवे पाळक, वय माझ्या शिवणयंत्राइतकं असेल नसेल, त्यांनी आज उपदेशात सांगितलं की ईस्टरपर्यंतच्या या उपासाच्या दिवसांत ज्या माणसाशी आपण बोलणं टाकलंय त्याला दर आठवड्याला पत्र लिहायचं. आत्या वळून माझ्याकडे असं बघायला लागली की जणू त्यांनी माझं नावच पुकारलं. उपासना संपल्यावर तिने तुझा पत्ता माझ्या हातात कोंबला. घरूनच लिहून आणला होता, म्हणजे दोघांचं आधी ठरलेलं असणार. पत्रात काय लिहायचं ते मात्र पाळकांनी सांगितलं नाही. म्हणून मनात आहे ते लिहिते.

इथलं सगळं ठीक आहे. बाबांचं गाद्या-उशांचं दुकान मी चालवते, वरच्या दोन खोल्यांत मी राहते. जिन्यावर कापसाचा तोच भुगा, खिडकीच्या गजांना तोच पांढरा केर. बाबांच्या खुर्चीवर कुणी बसत नाही, कारण कुणी येत नाही. तुझं घर मोठं आहे म्हणे, दोन बाजूंनी उजेड येतो, आणि नवरा स्वतः भांडी घासतो. आत्या दुकानात येऊन तुझं कौतुक सांगत बसते आणि मी उशीत कापूस कोंबत ऐकते. बाबा असतानाही हेच होतं. बाबांच्या मांडीवर तू आणि बाबांच्या हाताखाली मी. तू चिऊ आणि मी हवालदार. मला त्याचं काही वाटत नाही.

आता मुद्द्याचं. मास्तरांनी बसवलेल्या गीताचा शेवट तुला आठवत असेल. सगळं गायनमंडळ थांबतं, ऑर्गन जवळजवळ गप्प होतो, आणि शेवटचं आमेन एकटीने धरायचं असतं, लांबलचक, बाकीचे पुन्हा येईपर्यंत. ते पहिल्यापासून माझं. मध्ये मी एक चोरटा श्वास घेते, पण तो असा की पहिल्या बाकावरच्या माणसालाही पत्ता लागू नये. ती माझी कला आहे. देवाने रूप तुला दिलं, बाबा तुला दिले, नवरा तुला दिला. मला एक आमेन दिलं. आणि बाबांच्या मातीच्या दिवशी, पेटी समोर ठेवलेली असताना, माझ्या एक पाऊल मागे उभी राहून तू माझ्या आमेनमध्ये तुझा आवाज घुसवलास. अख्ख्या देवळाने ऐकला.

कबरस्तानाच्या फाटकाशी सगळ्यांदेखत मी तुला म्हटलं होतं की बापाच्या मातीतही तुला पुढे पुढे करायचंय. ते मी परत घेत नाही. तू तेव्हा मूग गिळून गप्प बसलीस. खोटं असतं तर बोलली असतीस.

पाळकांचं काम झालं. पुढचं पुढच्या आठवड्यात.

तुझी (नावापुरती) ताई


२६ फेब्रुवारी, सोमवार

चिऊ,

सलाम.

नाताळानंतर गायनमंडळात एक नवीन बाई आली आहे. बसवर कंडक्टर आहे. पहिल्या दिवशी खाकी कपड्यांतच आली, गळ्यात तिकिटांची पिशवी तशीच. मास्तरांनी विचारलं, कुठली पट्टी? ती म्हणाली, मला पट्टीबिट्टी कळत नाही, मागच्या दारापर्यंत ऐकू जातं एवढं माहितेय. सगळे हसले. मीही हसले, पण मी वेगळ्या कारणासाठी.

मग तिने तोंड उघडलं.

काय सांगू तुला. शिकलेला आवाज नाही, काही नाही, पण भरलेला आहे. नवी गादी कशी असते, कुठेही हात ठेव, पोकळ लागत नाही. मास्तर ऑर्गनवरून उठून उभे राहिले. माझं गाणं ऐकून ते कधी उठल्याचं मला आठवत नाही. अर्थात त्यांचे गुडघे दुखतात, बसून कंटाळले असतील.

त्यांनी तिला माझ्या मागे उभं केलं, बरोबर तू उभी राहायचीस तिथे. मी म्हटलं, इथे कशाला? म्हणाले, "असू दे गं. तिला तुझ्याकडून शिकू दे." आता माझ्या मानेवर तिचा श्वास येतो. तालमीनंतर मला म्हणते कशी, "ताई, तुमचं आमेन ऐकून माझ्या अंगावर काटा आला." आली मोठी काटेवाली. गोड बोलणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहते, तुझ्यामुळे शिकले.

काल उपदेश होता तो गर्वावर. कुसळ आणि मुसळ. मी सबंध वेळ मनात म्हणत होते, वा, हे कंडक्टरणीने नीट ऐकायला हवं. ती नेमकी ड्यूटीवर होती.

अक्षर मध्येच हललंय त्याकडे लक्ष देऊ नकोस. इथे थंडी आहे.

ताई


४ मार्च, सोमवार

चिऊ,

तुझं पाकीट मिळालं. घशाच्या गोळ्यांची दोन पाकिटं आणि चिठ्ठी नाही, काही नाही. मला खोकला झालाय असं मी कुठे लिहिलं होतं? मी थंडी लिहिलं होतं. पत्रातून सुद्धा माझ्या घशात डोकावतेस. गोळ्या मी दुकानातल्या पोरींना वाटल्या. दोन ठेवल्या.

आज माझ्या अंगाचा तिळपापड झालाय आणि हे सगळं ओकायला तू सोडून कुणी नाही. काय वेळ आली आहे बघ.

काल तालमीनंतर मास्तरांनी सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, हा माझा शेवटचा ईस्टर, मे महिन्यात निरोपाची उपासना होईल, मग तुम्ही आणि तुमचा देव. बायका डोळे पुसायला लागल्या. मी पण पिशवीत रुमाल शोधत होते आणि तेवढ्यात ते म्हणाले, "या ईस्टरला आमेन कंडक्टरबाई धरतील."

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. त्यावरूनच कळलं की सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

मी मास्तरांना बाजूला गाठलं. म्हटलं, माझं काय चुकलं ते सांगा. म्हणाले, "चुकलं काही नाही. तू तिच्या शेजारी राहा. तिला मध्ये श्वास घ्यावा लागतो. ती घेईल तेव्हा तू हळूच खालून सूर धरायचा, ती परत आली की सोडायचा. कुणाला कळता कामा नये." म्हणजे मी टेकू. तिने मिरवायचं आणि मी खालून खांब लावायचा. मी म्हटलं, "मास्तर, मला आजवर कुणाचा टेकू लागला नाही." मग म्हणाले, "बरं. पण तू धर." आणि वह्या गोळा करायला लागले.

तिला येऊन तीन महिने झाले नाहीत. बाहेरगावाहून बदली होऊन आली, भाड्याच्या खोलीत एकटी राहते, एक मुलगी होस्टेलला आहे. आणि येऊन सरळ माझ्या जागेवर. तुम्हा लोकांना काही मागावं कसं लागत नाही गं? मी जन्मभर रांगेत उभी आहे, आणि माझा नंबर आला की खिडकी बंद.

पाळकांना म्हटलं, माझं मन अशांत आहे. ते म्हणाले, त्या बहिणीसाठी रोज प्रार्थना करा. केली. म्हटलं, प्रभू, तिला परत बदली मिळू दे, चांगल्या ठिकाणी मिळू दे, पण मिळू दे.

ताई


७ मार्च, गुरुवार

चिऊ,

या आठवड्यात हे दुसरं पत्र. पाळकांच्या हिशोबात धरू नकोस.

काल बुधवारची उपासना होती. मास्तरांनी सांगितलं होतं की ईस्टरच्या आधी एकदा आमेन सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. बुधवार असून देऊळ भरलेलं होतं. कंडक्टरीण पांढरा झगा घालून आली होती, इस्त्री केलेला. हात थंडगार पडले होते तिचे. मला कसं माहीत, तर सुरू व्हायच्या आधी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आहात म्हणून धीर आहे."

सगळे थांबले. तिने आमेन उचललं. चांगलं उचललं, मी नाकारत नाही. मग अर्ध्यात तिने माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता श्वास घेते, आणि श्वास घेतला.

मी ओठ मिटून उभी राहिले.

असं भोक पडलं, चिऊ. अख्खं देऊळ त्यात पडलं. आधी कुणाला कळेना की गाणं संपलं की काय. कुणीतरी मागे खाकरलं. एक बाई भलत्याच वेळी उठून उभी राहिली आणि परत बसली. कंडक्टरणीने सूर पुन्हा पकडला तो थरथरत, आणि बाकीच्यांनी घाईघाईने येऊन कसंबसं संपवलं. नंतर झगे काढायच्या खोलीत ती सगळ्यांना सांगत होती, "माझी चूक, मला दम पुरला नाही." मी माझा झगा घडी करत होते. घडी नीट बसेना.

घरी येताना मी खूष होते. खरंच होते, तुझ्यापासून काय लपवायचं. दुकानाचं कुलूप उघडताना गुणगुणत होते. आज सकाळपासून मात्र तिचा तो थंड हात माझ्या हाताला लागल्यासारखा वाटतोय. दोनदा साबणाने धुतला.

मला वाटायचं, ही असती तुझ्या जागी तर फाटकाशी भांडली असती माझ्याशी. हीसुद्धा काही बोलली नाही. तुम्ही सगळ्या गप्प का राहता, सगळं माझ्या पदरात घालून?

ताई


१४ मार्च, गुरुवार

चिऊ,

हे पत्र कुठून सुरू करावं कळत नाही. तू बसून वाच.

रविवारी तालमीनंतर मास्तर म्हणाले, "हवालदार, तू थांब." बाबांनंतर मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. सगळे गेले. त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं, स्वतः जाऊन शेवटच्या बाकावर बसले आणि तिथून म्हणाले, "आमेन म्हण."

"ऑर्गन नको?"

"काही नको. तू एकटीने धरतेस ना, धर."

मला वाटलं, चूक कळली म्हाताऱ्याला, जागा परत द्यायची आहे. मी पाठ ताठ केली आणि उचललं. आवाज वर छपरापर्यंत गेला. मग नेहमीसारखा मी माझा चोरटा श्वास घेतला.

चिऊ, उशीचा अभ्रा टरकन फाटतो ना, तसं झालं. माझा श्वास एखाद्या म्हशीसारखा वाजला आणि मागे रिकामं देऊळ. मी म्हटलं, घसा बसलाय, पुन्हा म्हणते. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर फट अजून मोठी.

मी विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"पहिल्यापासून," मास्तर म्हणाले. "तुझा आवाज सुरेख आहे. दम लहान आहे. कापसात वाढलीस, दुसरं काय होणार."

"मग इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही?"

"कुणीतरी झाकत होतं म्हणून."

मी पायरीवर बसले. ते काठी टेकत पुढे आले, येईपर्यंत किती वेळ लागला, आणि मग सांगितलं. या दोन महिन्यांत कंडक्टरीण झाकत होती, माझ्या मागे उभी राहून, इतकं हळू की माझ्या कानाला लागू नये. त्या बुधवारनंतर या रविवारच्या उपासनेत आमेन माझ्याकडे होतं, तेसुद्धा तिनेच झाकलं. तिच्या आधी मधली वर्षं मास्तर स्वतः ऑर्गनची एक पट्टी अलगद दाबून ठेवायचे, पण आता त्यांची बोटं थरथरतात. आणि त्याच्या आधी तू.

"मी चिऊला सांगितलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "तिचं तिनेच सुरू केलं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, ताईला सांगू नका, ती गाणं सोडून देईल. आणि तिच्याकडे एवढंच आहे."

खरं सांगू? आधी मला संतापच आला. तिच्याकडे एवढंच आहे म्हणे. तू माझी कीव केलीस, लहान असून. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी मनात भांडत होते. जिना चढताना दम लागला म्हणून बाबांच्या खुर्चीवर बसले, पहिल्यांदाच, आणि तिथे मला मातीचा दिवस आठवला. त्या दिवशी मी रडत होते. माझा दम नेहमीच्या किती तरी आधी तुटला असणार. तू धावत आलीस झाकायला, आणि तूही रडत होतीस, तुला आवाज बारीक ठेवता आला नाही. एवढंच झालं होतं. अख्ख्या देवळाने ऐकला तो तुझा हुंदका होता.

आणि फाटकाशी तू एक वाक्य बोलली असतीस तरी मी तोंडघशी पडले असते. 'ताई, तुझा सूर तुटला होता.' बस, एवढंच. सगळ्यांसमोर. तू बोलली नाहीस. गाडीत बसलीस आणि गेलीस.

मी मास्तरांना विचारलं होतं, मला कधी ऐकू कसं आलं नाही, कान तर शाबूत आहेत. ते म्हणाले, "तुला तुझाच आवाज ऐकू येतो, गं."

संध्याकाळी प्रार्थनेला बसले आणि प्रार्थनेतही मीच. माझं चुकलं, मला क्षमा कर, मला शांती दे. मला, माझं, मी. थांबले. प्रभूने कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि दर वेळी मनात हिशोब करत आले की हे कुणी कुणी ऐकायला पाहिजे होतं. माझे पाय कोण धुतंय हे खाली वाकून बघितलं नाही. तो, आणि त्याच्या पाठोपाठ तू, आणि ती बसवाली. मग मी नुसती बसले. बाहेर दुकानातल्या पोरी जिना झाडत होत्या, त्यांचा आवाज ऐकत बसले. एक पोर छान गुणगुणते. तीन वर्षं आहे माझ्याकडे, मला माहीत नव्हतं.

उरलेल्या दोन गोळ्या खाल्ल्या.

ताई


२२ मार्च, शुक्रवार

चिऊ,

प्रभूच्या नावाने सलाम. आज लिहिते आहे, लक्षात घे.

कंडक्टरणीकडे जायचं होतं, पण तिच्या खोलीवर जायचा धीर होईना. म्हटलं, बसमध्ये गाठू, चार लोकांत ती ओरडणार नाही. म्हणजे माफी मागायला जातानाही मी आपली सोय बघितली. स्वभावाला औषध नाही.

तिच्या बसला ही गर्दी. मी चढले तर ती दुसऱ्या टोकाला. "पुढे चला, पुढे चला, मागे अजून लोक आहेत." माझ्यापर्यंत आली, बघितलं, म्हणाली, "कुठलं देऊ?" मी म्हटलं, "मला तुझ्याशी बोलायचंय." ती म्हणाली, "त्याचं तिकीट नसतं ताई, कुठे उतरणार ते सांगा." शेजारचा माणूस हसला. मी शेवटच्या थांब्याचं घेतलं.

शेवटच्या थांब्याला सगळे उतरले. ड्रायव्हर चहाला गेला. ती मागच्या सीटवर बसून बूट सैल करत होती. तिच्या पायाला सूज होती, दिवसभर उभी असते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. म्हटलं, "बुधवारी तुला दम पुरला नाही असं नाही. मी मुद्दाम सूर धरला नाही. मला तुझी जागा हवी होती. जागा माझीच आहे असं मला वाटत होतं."

ती म्हणाली, "माहितेय. मी बघितलं ना, तुम्ही ओठ मिटलेत."

"मग सगळ्यांना माझी चूक माझी चूक काय सांगत होतीस?"

"तुमचं नाव सांगून काय झालं असतं? भोक काय बुजलं असतं?" आणि मग बुटाची नाडी बांधत म्हणाली, "राग आला होता मला. रविवारी ठरवून आले होते की आज झाकायचं नाही, कळू दे बाईला. पण तुमचा खांदा वर गेला आणि माझा आवाज आपोआप निघाला."

मी विचारलं, कसला खांदा. चिऊ, तुला माहीत असणार. श्वास घ्यायच्या जरा आधी माझा डावा खांदा वर जातो म्हणे. तेवढं पाहून ती सूर लावायची. सबंध गाणंभर ती माझ्या खांद्याकडे बघत उभी असते. मी इकडे समजत होते की ती माझ्या जागेकडे बघते.

मी म्हटलं, "मला माफ कर." तिने लगेच हो म्हटलं नाही. खिडकीबाहेर बघितलं थोडा वेळ. मग म्हणाली, "ईस्टरला येणार का माझ्या मागे? शेजारी नको. मागे."

परतीचं तिकीट तिने मला काढायला लावलं. नियम म्हणजे नियम.

त्या दिवसापासून मी हळू गायला शिकते आहे, आणि याच्याइतकं कठीण काम मी आयुष्यात केलं नाही. जोरात गाणं कुणालाही जमतं. मास्तर शेवटच्या बाकावरून ओरडतात, "ऐकू येतेयस." मी अजून कमी करते. "अजून ऐकू येतेयस." काल वैतागून म्हटलं, मग मी कशाला उभी राहू? ते म्हणाले, "तेच शिकतोय आपण."

आणि बरं का, पोटात अजून दुखतं. तिने आमेन उचललं की अजून एक सुई टोचते, नेमक्या त्याच जागी. वाटलं होतं क्षमा मागितली की ती निघून जाईल. पाळकांना सांगितलं तर म्हणाले, "सुई टोचू दे, तुम्ही सूर धरा." पोरगं वाटतं तितकं कच्चं नाही.

ताई


३१ मार्च, ईस्टर

चिऊ,

प्रभू उठला आहे. तुझ्याकडेही सकाळी म्हणाले असतील.

देऊळ दारापर्यंत भरलं होतं. कंडक्टरीण पुढे, तिच्या मागे मी. मला मंडळी दिसत नव्हती, फुलं दिसत नव्हती, कोण आलंय कोण नाही काही कळत नव्हतं. नुसती तिची पाठ दिसत होती. इतक्या वर्षांत मी कधी कुणाच्या पाठीकडे इतकं बघितलं नव्हतं. झग्याची एक शिवण उसवलेली होती, ती मी आज शिवून देणार आहे.

तिचा खांदा वर जात नाही. ती मान किंचित खाली घालते. हे शोधायला मला आठवडा लागला.

सगळे थांबले. तिने आमेन उचललं. सुई टोचली. मग तिची मान खाली गेली आणि मी धरलं. जेमतेम. माझ्या घशातून काही निघतंय की नाही हे मलाच कळेना इतकं कमी. तिने श्वास घेतला, भरपूर घेतला, बसमध्ये घेते तसा, आणि वर परत आली, आणि मी सोडलं. फट पडली नाही. कुणीही मान वळवली नाही. मास्तर ऑर्गनवर डोळे मिटून बसले होते आणि हसत होते.

बाहेर अंगणात लोकांनी कंडक्टरणीला गराडा घातला. मी एका बाजूला उभी होते. आत्या काठी टेकत माझ्याकडे आली आणि काळजीने म्हणाली, "का गं, आज तू गायली नाहीस? घसा बसला का?"

मला वाटलं होतं की हे ऐकून मला आनंद होईल, संतांना होतो तसा. तसलं काही झालं नाही. दुखलं. तोंडाशी आलं होतं की अगं, मी नसते तर ते आमेन झालंच नसतं. मग मला तू आठवलीस. असं तुला किती रविवार कुणी ना कुणी विचारलं असेल. बाबांनीही विचारलं असेल.

मी म्हटलं, "हो आत्या, बसलाय." आत्याने पिशवीतून गोळी काढून दिली.

चिऊ, फाटकाशी मी जे बोलले ते मी परत घेते. सगळं. तू काही चोरलं नव्हतंस. मी तुझा तिरस्कार करत बसले आणि तू माझी फट बुजवत होतीस, आणि वर त्याचं बिल बाबांच्या मातीत मी तुझ्यावरच फाडलं. मला क्षमा कर. लगेच करायला पाहिजे असं नाही, खिडकीबाहेर बघ थोडा वेळ.

मे महिन्यात मास्तरांच्या निरोपाची उपासना आहे. आमेन कोण धरणार असं त्यांनी विचारलं, तेव्हा कंडक्टरीण आणि मी एकदमच तुझं नाव घेतलं. ती तर तुला ओळखतही नाही, माझ्याकडून ऐकलंय तेवढंच. तुझ्यासाठी वरची खोली झाडून ठेवते, कापूस राहणारच थोडा. नवऱ्याला घेऊन ये, भांडी आहेत इथे.

तू पुढे उभी राहशील, मी मागे. फक्त एक अडचण आहे. मास्तरांनी विचारलं, चिऊला श्वास घ्यायचा असतो ते कशावरून कळतं, खांदा की मान? मला सांगता आलं नाही. लहानपणापासून तू माझ्या एक पाऊल मागे उभी होतीस, आणि मी एकदाही वळून बघितलं नाही.

म्हणून जरा आधी ये. मला बघायचंय.

तुझी ताई